कॅमेऱ्याचं तेवढं राहिलंय

लिनक्सशी माझं भांडण तीस वर्षांचं आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची तीस आम्ही घरात तिघं राहतोय असं म्हटलं तरी चालेल. आमच्या ह्यांनी, म्हणजे पुरुषोत्तमनी, दारातून आत आलेल्या एकाही कॉम्प्युटरवर विंडोज टिकू दिलं नाही. आधी त्यावरचं होतं नव्हतं ते पुसायचं आणि मग हे फुकटचं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं लिनक्स टाकायचं. की प्रिंटर बंद. प्रिंटर चालला तर आवाज बंद. "शोभना, त्याचा ड्रायव्हर नाहीये अजून," असं हे इतक्या आनंदाने सांगायचे की माझं डोकं फिरायचं. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला त्याच्याच एखाद्या भागाची ओळख करून देणारा प्रोग्राम, एवढं ज्ञान मला ह्या संसारात मिळालं. मग हे दोन-तीन दिवस बेसमेंटमध्ये गाडून घ्यायचे आणि सगळं चालू करूनच वर यायचे. तीस वर्षांत एकही मशीन ह्यांच्या हातून सुटलं नाही. रागाच्या भरात तेही विसरायला नको.

म्हणून तर मी तो मेला लॅपटॉप आणला.

झालं असं की सप्टेंबरात आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. तिने पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. ह्यांना दोन आठवले. मग म्हणाली, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा. ह्यांनी छान गोल काढला, आकडे सगळे उजवीकडे दाटीवाटीने लिहिले आणि काटे काढायचे राहून गेले. मला असा राग आला! ह्यांचा नाही, त्या डॉक्टरचा. ज्या माणसाने पस्तीस वर्षं टेलिफोनची एक्सचेंज उभी केली त्याला तुम्ही बालवाडीतली चित्रं काढायला लावता? ती गोड आवाजात म्हणाली, अल्झायमरची सुरुवात दिसते आहे, ह्यांना फार वेळ एकटं ठेवू नका, मुलीशी बोलून घ्या.

मुलीने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. सावनी अल्फारेटाला असते, इथून विमानाने दोन तासांवर. "आई, यू कान्ट डू धिस अलोन," ती फोनवर म्हणाली. "तुमचं शॉमबर्गचं घर विकू या. माझ्यापासून दहा मिनिटांवर टाउनहाऊस बघितलंय, जिने नाहीत, बेसमेंट नाही. आणि बाबांसाठी एक डे प्रोग्रॅम आहे, खूप छान आहे."

डे प्रोग्रॅम म्हणजे काय, तर सकाळी म्हाताऱ्या माणसांना तिथे सोडायचं, त्यांनी कागदाची फुलं करायची, टाळ्या वाजवून गाणी म्हणायची, आणि संध्याकाळी त्यांना घरी आणायचं. व्हिडिओ पाठवला होता तिने. मी अर्धाच बघितला.

"डोंबलाचं छान," म्हटलं.

"आई, प्लीज."

"हे बघ. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तू येतेच आहेस. मी ह्यांना एक नवाकोरा लॅपटॉप आणून देते. त्यावर लिनक्स टाकून तू यायच्या आत ह्यांनी सगळं चालू करून दाखवलं, तर अल्फारेटाचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर तू म्हणशील तिथे मुकाट्याने येऊ."

"दॅट्स नॉट अ मेडिकल टेस्ट, आई."

"तुमच्या त्या घड्याळापेक्षा बरी आहे."

ती म्हणाली, "फाइन. पण प्रॉमिस?"

"प्रॉमिस," म्हटलं. मला काय, खात्रीच होती.

दिवाळी झाली त्या शनिवारी दुकानात गेले आणि सगळ्यात नवा होता तो लॅपटॉप उचलला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅम, हा परवाच आलाय. मी म्हटलं, मग हाच दे. इथेच माती खाल्ली. ह्यांच्याकडून शंभरदा ऐकलं होतं की लिनक्सवाल्याने कधी नव्यातलं नवं घेऊ नये, वर्षभर जुनं घ्यावं, तोवर कोणीतरी ड्रायव्हर लिहिलेले असतात. पण ऐकतं कोण! मला तर वाटलं, ह्यांच्यासाठी घ्यायचं तर चांगलंच घ्यावं.

सोमवारी सकाळी चहाबरोबर मी खोकं पुढे ठेवलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळी मी कामावरून आले (मी इथल्या लायब्ररीत जाते, अकरा ते चार) तर हे खुर्चीत हात चोळत बसलेले.

"वायफायच ओळखत नाहीये, शोभना! चिप इतकी नवी आहे की लिनक्सला तिचं नावही माहीत नाही. आणि कॅमेरा तर भलत्याच पद्धतीने जोडलाय. मजा आहे."

मजा आहे म्हणाले! माझा जीव भांड्यात पडला. हा माझा नेहमीचाच नवरा होता. मी त्या दिवशी शिरा केला.

मग रोजचं ठरूनच गेलं. सकाळी चहा देताना मी म्हणायचे, "आज लॅपटॉपचं बघा हं." हे कप विसळून ठेवायचे आणि खाली जायचे. डबा झाकून ठेवलेला असायचा, तो खायचे. मी साडेचारला यायचे, तर हे वर येऊन पेंगत असायचे. "झालं का?" म्हणून विचारलं की डोळे चोळत सांगायचे, "होत आलंय. कॅमेऱ्याचं तेवढं राहिलंय." शनिवार-रविवारी मी ह्यांना खाली फिरकू देत नसे. किराणा, मंदिर, जमलं तर पार्कात एक फेरी. डॉक्टरने चालायला सांगितलं होतं ना.

पहिला आठवडा मी खुशीत होते. दुसऱ्या आठवड्यात जरा चिडचिड व्हायला लागली. रोज आपलं कॅमेऱ्याचं तेवढं राहिलंय, कॅमेऱ्याचं तेवढं राहिलंय! मग मीच लायब्ररीत बसून इंटरनेटवर शोधायला लागले. त्या लॅपटॉपचा नंबर टाकला, तर काय, जगभरातले लोक रडत होते. कोणाचा कॅमेरा लागत नाही, कोणाचं वायफाय दर पाच मिनिटांनी पडतं, एका जर्मन माणसाने तर कंटाळून परत विंडोज टाकलं होतं. मला इतका आनंद झाला की समोर पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या बाईला मी मराठीतच "बघा!" म्हणाले. एवढी शिकलेली माणसं, त्या सगळ्यांना काय अल्झायमर झालाय?

पण घरी येताना गाडीत दुसरा विचार यायचा. ते सगळे नोकऱ्या करणारे, त्यांना तासभर वेळ मिळत असेल. ह्यांना अख्खा दिवस आहे. आणि हे पुरुषोत्तम आहेत. मग का होत नाहीये? यंत्र बिघडलंय की माणूस, हे मला कळायचं कसं? दुसऱ्या कुठल्या घरात नवरा तीन आठवडे एकाच कामाला चिकटून बसला असता, तर बायकोने कधीच डॉक्टरला फोन केला असता. आमच्या घरात तेच शहाणपणाचं लक्षण होतं! खाली जाऊन बघावं, तर गुडघे बोंबलतात आणि बघून मला कळणार तरी काय. खरं सांगू? भीतीच वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात मी एकदा भडकलेच. सावनीचं तिकीट आलं होतं आणि ह्यांनी त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलं, की सावनी कधी येणार. मी हातातलं पातेलं आपटलं. "अहो, एवढं काय आहे हो त्यात? तीस वर्षं हेच करत आलात ना? एक कॅमेरा चालू होत नाही तुमच्याच्यानं?"

हे दचकले. मग हळूच म्हणाले, "करतोय गं मी."

असे शरमून म्हणाले की मला माझीच लाज वाटली. उलटं बोलले असते तर बरं झालं असतं. मी ह्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, राहू दे, उद्या बघा.

सावनी यायला सहा दिवस राहिले तेव्हा मी अनीशला बोलावलं. अनीश तीन घरं सोडून राहतो, नागपूरचा आहे, तिशीतला, त्याच्या कंपनीत दिवसभर लिनक्सच वापरतात. ह्यांच्याशी तासन् तास बोलत बसायचा, हल्ली बाळ झाल्यापासून येणं कमी झालं होतं. त्याने बघावं आणि म्हणावं, काकू, हे अशक्य आहे, कोणाच्याच बापाला जमणार नाही. एवढंच मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मग सावनीला सांगता आलं असतं की परीक्षाच चुकीची होती.

गुरुवारी पाच वाजता तो आला. हे वर खुर्चीत पेंगत होते. "काकांना उठवू नका," तो म्हणाला, "मी बघतो." मी कठडा धरून धरून त्याच्यामागे बेसमेंटमध्ये उतरले.

त्याने लॅपटॉप उघडला. इकडे तिकडे काहीतरी दाबलं. आणि पडद्यावर त्याचाच चेहरा आला, मागे मी, मान वाकडी करून बघणारी.

"काकू, कॅमेरा तर चालतोय."

"काय?"

"वायफायपण चालतंय. सगळंच चालतंय." तो पुढे वाकून काहीतरी वाचायला लागला. "अरे यार, काकांनी ड्रायव्हर स्वतः दुरुस्त करून घातलाय. हे मला नसतं जमलं, काकू. खरं सांगतो. कोणालाच नसतं जमलं."

मी टाळीच वाजवली! वेडा माणूस, चालू झालंय आणि वर येऊन सांगायचं विसरला! म्हटलं, आत्ता उठवते आणि आत्ता सावनीला फोन लावते. मी वळलेसुद्धा.

"काकू, एक मिनिट."

त्याने शेजारचा जुना कॉम्प्युटर सुरू केला होता. नव्यावर वायफाय नसायचं तेव्हा हे लागेल ते जुन्यावर उतरवून घ्यायचे आणि पेन ड्राइव्हवरून तिकडे न्यायचे. अनीशला बघायचं होतं की काकांनी नेमकं काय उतरवलं. तर एकच फाइल होती, पुनःपुन्हा उतरवलेली, नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे पडत पडत सोळापर्यंत गेलेली.

"हे असं का?" मी विचारलं.

तो आणखी शोधायला लागला. ह्यांची एक सवय आहे, कुठलंही मशीन पुसायच्या आधी त्याच्यावर जे काही असेल त्याचा बॅकअप घ्यायचा. कचरा असला तरी घ्यायचा. ऑफिसातही सगळ्यांना त्यासाठी पिडायचे. जुन्या कॉम्प्युटरवर 'नवीन लॅपटॉप बॅकअप' म्हणून एक फोल्डर होता आणि त्याच्यात तारखा घातलेले सोळा फोल्डर. शनिवार-रविवार सोडून रोजचा एक.

अनीशने पहिला उघडला. त्यात ह्यांचा फोटो होता, त्या नव्या कॅमेऱ्याने काढलेला. तोंड पार जवळ आणलेलं, अंगठा वर केलेला, आणि असे हसतायत की मी ह्यांना तसं हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. तारीख एकोणतीस ऑक्टोबर, वेळ दुपारी दोन चाळीस. दुसरा उघडला. तिसरा. स्वेटर वेगळा, कधी दाढी केलेली, कधी नाही, पण अंगठा वर आणि तेच हसू. सगळे दोन ते तीनच्या मधले. मी तेव्हा लायब्ररीत परत आलेली पुस्तकं लावत असायचे.

"काकू," अनीश म्हणाला, "काकांनी तिसऱ्याच दिवशी चालू केलं होतं. मग दुसऱ्या दिवशी बॅकअप घेतला, पुसलं आणि पहिल्यापासून पुन्हा केलं. रोज. आजचं धरून सतरा वेळा."

मी पायरीवर बसले. आज लॅपटॉपचं बघा हं. रोज सकाळी मीच म्हणत होते. त्यांच्या हातात चहा देऊन, गोड आवाजात, त्या डॉक्टरसारखी. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही हो! सांगितलेलं काम करून टाकलं, रोजच्या रोज, आणि वर मी एक दिवस पातेलं आपटलं.

अनीश म्हणत होता, मी मध्ये यायला हवं होतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष! मी त्याला चहा घेऊन जा म्हटलं, तो नको म्हणाला आणि मागच्या दाराने गेला.

शुक्रवारी मी रजा टाकली. चहा दिला आणि तोंडातून लॅपटॉपचा ल काढला नाही. ठरवूनच टाकलं होतं. मी नाही म्हटलं तर थांबतील, एवढीच आशा होती.

ह्यांनी कप विसळून ठेवला. "नवा लॅपटॉप आलाय ना," म्हणाले, "त्यावर लिनक्स टाकून घेतो आज."

मी मागोमाग खाली गेले. ह्यांनी लॅपटॉप उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कोणी टाकलं?"

"तुम्हीच," म्हटलं. "काल टाकलंत. सगळं चालू आहे, कॅमेरासुद्धा. आता काही करायला नको."

"मी? कसं शक्य आहे? कालच तर आणलाय." ते पडद्याकडे बघत राहिले. तिथे त्यांचंच नाव होतं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "शोभना, मग मला आठवत कसं नाही?"

चव्वेचाळीस वर्षांत मी ह्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. नोकरी गेली तेव्हा नाही, बायपास झाली तेव्हा नाही. माझ्याने ते बघवेना. मी म्हटलं, "अहो, गंमत केली. अनीश आला होता, त्याने काहीतरी टाकून ठेवलंय. पुसा तुम्ही."

"अनीशने होय?" त्यांच्या जिवात जीव आला. "थांब, आधी बॅकअप घेतो."

दिवसभर मी शेजारी बसून होते. पाच शब्दांतले तीन विसरणारा हा माणूस! बोटं नुसती पळत होती. अडलं की थांबायचे, पुटपुटायचे, जुन्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधायचे, पुन्हा इकडे यायचे. मला समजावून सांगायचे, हे बघ, हा कॅमेरा आपलं नाव चुकीचं सांगतोय, म्हणून लिनक्स त्याला आत घेत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळं ऐकून घेतलं. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी पडद्यावर आम्ही दोघं दिसलो.

"चालला! शोभना, चालला!" ह्यांनी अंगठा वर केला, फोटो काढला आणि लगेच म्हणाले, "सावनीला लाव. ह्याच्यावरनंच लाव."

लावला. ती ऑफिसात होती, तिथूनच तिने उचलला. ह्यांनी तिला काय काय सांगितलं, कोणता भाग अडला, कसा सोडवला, एकही शब्द अडखळला नाही. ती बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "बाबा, यू डिड इट! यू ॲक्च्युअली डिड इट!"

"मग! बाप आहे तुझा," हे म्हणाले.

"आई, सॉरी. खरंच सॉरी. मी उगाच घाबरले. अल्फारेटा कॅन्सल, ओके? यू वन."

ह्याच वाक्यासाठी मी तो लॅपटॉप आणला होता. मी मान हलवली आणि हसले. घर राहत होतं, बेसमेंट राहत होतं, कागदाची फुलं टळत होती. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. अनीश काही कोणाला सांगणार नव्हता.

"तुमचं चालू द्या, मी चहा टाकते," म्हणून मी वर आले आणि फोन संपल्याचा आवाज खालून ऐकू आल्यावर किचनमधून माझ्या फोनवरून तिला परत लावला.

"सावनी, मध्ये बोलू नकोस. बाबांनी हे आज अठराव्यांदा केलंय." आणि सगळं सांगितलं. फोटोंचं सांगितलं. सकाळी ते घाबरले ते सांगितलं, मी खोटं बोलले ते सांगितलं. ती रडत होती, मी रडले नाही, मला बोलणं संपवायचं होतं.

"सोमवारी उठून पुन्हा पुसतील," म्हटलं. "मला ह्यांना अडवता येत नाही आणि करू द्यावं तर बघवत नाही. तू ते टाउनहाऊस घे. आम्ही येतो."

"आई, आर यू शुअर?"

"हो. आणि त्या डे प्रोग्रॅमवाल्यांना एक विचारून ठेव. तिथे एखादा कॉम्प्युटर आहे का, रोज पुसला तरी चालेल असा."